कोशिएन बघायचंय? मग जुलैमध्ये घराजवळच्या मैदानापासून सुरुवात करा

जपानला नवीन आलेली मंडळी ऑगस्टमध्ये हमखास विचारतात, की जेवायला कुठेही जा, सलूनमध्ये जा, टीव्हीवर ही शाळेतल्या पोरांची बेसबॉल मॅच का चालू असते, आणि प्रेक्षकांत ती एवढ्या उन्हात पॉमपॉम घेऊन नाचणारी पोरं-पोरी आणि अख्खा ब्रास बँड कुठून येतो. ते सगळं म्हणजे कोशिएन. ह्योगो प्रांतातल्या निशिनोमिया शहरात १९२४ साली बांधलेलं स्टेडियम, आणि त्याच नावाने ओळखली जाणारी हायस्कूलची राष्ट्रीय स्पर्धा. आपल्यातले बरेच जण थेट तिकीट काढून तिथे जातात, दोन तास बसतात, गर्दी आणि उकाडा बघून परत येतात, आणि हाती फारसं काही लागत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, कोशिएनला नंतर जा, आधी जुलैमधली तुमच्या भागातली पहिल्या फेरीची एखादी मॅच बघा आणि ती बघताना अर्धा वेळ मैदानाकडे आणि अर्धा वेळ चीअर करणाऱ्यांकडे लक्ष ठेवा. कारण इथे चीअर पथक हा खेळाचाच भाग आहे, मधल्या वेळेतली करमणूक नाही. हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

पायरी १ – आधी वर्षाचं चक्र समजून घ्या

जपानी शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि हायस्कूल तीन वर्षांचं असतं. बेसबॉलचं वर्ष मात्र उन्हाळ्यात संपतं आणि तिथूनच नवीन चालू होतं. ऑगस्टमध्ये (किंवा जुलैमध्येच, हरले तर) तिसऱ्या वर्षाची मुलं क्लबमधून बाहेर पडतात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांची नवीन टीम बनते. ही नवीन टीम शरद ऋतूत प्रांताच्या आणि मग विभागाच्या स्पर्धा खेळते, आणि तिथली कामगिरी बघून जानेवारीच्या शेवटी निवड समिती मार्चच्या वसंत स्पर्धेसाठी साधारण ३२ शाळा निवडते. म्हणजे वसंतातल्या स्पर्धेला निवडलं जावं लागतं, उन्हाळ्यातल्या स्पर्धेला मात्र फक्त जिंकून जाता येतं, दुसरा रस्ता नाही.

उन्हाळ्याची स्पर्धा १९१५ पासून चालू आहे, तेव्हा ती ओसाकाजवळच्या तोयोनाकाला झाली होती, कोशिएन बांधून झाल्यावर इकडे आली. देशभरातून सुमारे ३,४०० टीम उतरतात, ४७ प्रांतांच्या आपापल्या स्पर्धा होतात, टोक्यो आणि होक्काइदोला दोन-दोन जागा, असे मिळून ४९ संघ ऑगस्टमध्ये कोशिएनला पोचतात. सगळं बाद पद्धतीने. लीग नाही, दुसरी संधी नाही, एक हार म्हणजे खलास. साडेतीन हजारांच्या आसपासच्या टीममधली एक सोडली तर प्रत्येक टीमचा उन्हाळा हरूनच संपतो हे डोक्यात ठेवून मॅचला बसा, मग पहिल्या फेरीत ०–९ ने मागे असलेल्या शाळेची पोरं आठव्या इनिंगमध्ये पण जीव तोडून पहिल्या बेसवर (म्हणजे रन काढताना गाठायच्या कोपऱ्यांपैकी पहिल्या कोपऱ्यावर) डोकं पुढे करून उडी का मारतात ते समजायला वेगळं कुणी सांगावं लागत नाही.

पायरी २ – जुलैमध्ये जवळचं मैदान शोधा

ओकिनावाची स्पर्धा जूनमध्येच सुरू होते, बाकी प्रांतांच्या बहुतेक जुलैच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालतात. प्रांताच्या हायस्कूल बेसबॉल संघटनेच्या साइटवर ड्रॉ आणि मैदानांची यादी मिळते, जपानी येत नसेल तर फोनवर भाषांतर लावा, तेवढं पुरतं. पावसाने वेळापत्रक सरकतं (जुलैचे पहिले दोन आठवडे त्सुयुचा, म्हणजे इथल्या पावसाळ्याचा, पाऊस असतोच), म्हणून सकाळी निघायच्या आधी एकदा परत बघून घ्या.

टोक्योत राहणाऱ्या आपल्या लोकांचं नशीब यात चांगलं आहे. एदोगावा वॉर्डात निशी-कासाईला भारतीय मोठ्या संख्येने राहतात, मराठी कुटुंबंही भरपूर, आणि तिथेच स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर वॉर्डाचं बेसबॉल मैदान आहे जिथे टोक्योच्या हायस्कूल स्पर्धेचे सामने होत आलेत. म्हणजे ज्या सोसायटीत तुम्ही गणपती बसवता तिथून सायकलवर जाऊन तुम्ही हे बघू शकता! पुढच्या फेऱ्या जिंगू स्टेडियमला होतात, ते मोठं आहे, तिथे बँड जास्त घुमतो, पण पहिल्यांदा छोट्याच मैदानावर जा. तिकीट थोड्याशा येनमध्ये मिळतं, बहुतेक वेळा तिथल्या तिथे, आणि बसायला मोकळी जागा असते.

खेळाचे नियम फार पाठ करायची गरज नाही. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम एकदा बॅटिंग करतात, तीन आउट झाले की बाजू बदलते. प्रांताच्या मॅचमध्ये पाचव्या इनिंगनंतर १० किंवा सातव्यानंतर ७ रनांचा फरक असेल तर मॅच तिथेच थांबवतात, त्यामुळे मॅच अचानक संपली तर गोंधळू नका. कोशिएनला हा नियम नसतो. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर २०२३ पासून दहाव्या इनिंगपासूनच टायब्रेक, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर उभे करूनच इनिंग सुरू. एका पिचरला आठवड्यात ५०० पेक्षा जास्त बॉल टाकता येत नाहीत, हा नियम २०२० साली आला आणि माझ्या मते फार आधी यायला हवा होता, पूर्वी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचे खांदे एका उन्हाळ्यात कामातून जायचे आणि लोक त्याला शौर्य म्हणायचे.

पायरी ३ – एक बाजू निवडा आणि तिथेच बसा

हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन शाळा, एक पहिल्या बेसच्या बाजूला, एक तिसऱ्या बेसच्या. नवीन माणूस मधोमध होम प्लेटच्या (बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या) मागे बसतो कारण तिथून खेळ चांगला दिसतो, पण तिथे अनुभवी, वही-पेन घेऊन बसलेले लोक असतात आणि शांतता असते. तुम्ही कडेला जा, शाळेच्या ग्रुपच्या शेजारी. कोणती शाळा निवडायची? जवळची निवडा, नाव आवडलं ती निवडा, कमी माणसं आली आहेत ती निवडा, काहीही चालेल. पण एकदा निवडली की मॅचभर तिचेच रहा.

पायरी ४ – चीअर पथकात कोण कोण असतं ते ओळखा

आता इथे जरा थांबतो, कारण याच भागाबद्दल कोणी नीट सांगत नाही.

पहिले, ओएनदान, म्हणजे घोषणा देणारं पथक. काळा, लांब, बंद गळ्याचा कोट, पांढरे हातमोजे, कपाळाला पट्टी, ताठ कणा आणि फाटेल इतका मोठा आवाज. मोठा तायको ढोल बहुतेक यांच्याकडेच. ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, वासेदा आणि केओ या विद्यापीठांची बेसबॉलची चुरस १९०३ ला सुरू झाली आणि १९०६ मध्ये दोन्हीकडच्या समर्थकांचा जोश इतका टोकाला गेला की मालिकाच बंद करावी लागली, ती परत सुरू व्हायला १९२५ उजाडलं. त्या काळापासूनची ही शिस्त आणि हा आवेश आहे. पूर्वी फक्त मुलगे असायचे, आता बऱ्याच शाळांत मुली पण त्याच काळ्या कोटात पुढे उभ्या राहून नेतृत्व करतात, आणि काय आवाज असतो त्यांचा!

दुसरं, चीअरलीडिंग पथक. बऱ्याच शाळांत हा स्वतंत्र क्लब असतो ज्याच्या स्वतःच्या स्पर्धा असतात, काही शाळांत बॅटन क्लब किंवा डान्स क्लबच्या मुली येतात, आणि छोट्या शाळेत कोणताच क्लब नसेल तर वर्गातून हात वर करणाऱ्यांचं पथक जुलैपुरतं बनतं. प्रत्येक गाण्याला वेगळी स्टेप, पॉमपॉम वर-खाली एकाच वेळी, आणि हे सगळं उतरत्या पायऱ्यांवर उभं राहून, सपाट जागा नसतेच. आपल्याकडे गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकं जशी दोन-तीन महिने रोज संध्याकाळी तालीम करतात तशीच यांची मे-जूनपासून तालीम चालते, आणि ज्या सामन्यासाठी ती केली तो पहिल्याच फेरीत दीड तासात संपू शकतो हे त्यांनाही माहीत असतं.

तिसरा, ब्रास बँड. प्रत्येक बॅट्समनचं ठरलेलं गाणं असतं, तो आत आला की ते सुरू होतं आणि तो आउट होईपर्यंत किंवा बेसवर जाईपर्यंत वाजत राहतं. रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पोचला की बँड गाणं बदलतो आणि शाळेची खास ‘चान्स’ची धून लागते, ती ऐकू आली की समजायचं आता काहीतरी होऊ शकतं. उन्हात पितळ तापतं, म्हणून वाद्यांवर पांढरे टॉवेल गुंडाळलेले दिसतील.

आणि चौथे, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते – बेसबॉल क्लबचीच मुलं. उन्हाळ्याच्या स्पर्धेत बेंचवर फक्त २० जणांना जागा असते (२०२३ आधी कोशिएनला १८ होती), आणि नावाजलेल्या शाळांच्या क्लबमध्ये शंभराच्या घरात मुलं असू शकतात. उरलेली सगळी युनिफॉर्म घालून प्रेक्षकांत उभी राहतात, मेगाफोन घेऊन, आणि चीअरिंग बहुतेक वेळा तीच चालवतात, बँडला पुढचं गाणं कोणतं ते फळ्यावर दाखवणारा पण त्यांच्यातलाच एक. तिसऱ्या वर्षाचा मुलगा, तीन वर्षं रोज पहाटे सराव केलाय, शेवटच्या उन्हाळ्यात यादीत नाव नाही आलं, आणि तो आपल्या जागी खेळणाऱ्या मित्राचं नाव सगळ्यात मोठ्याने ओरडतोय. हे बघितल्याशिवाय हायस्कूल बेसबॉल बघितलं असं मी तरी मानत नाही.

पायरी ५ – तुम्ही काय करायचं, काय नाही

चीअरिंग फक्त आपली टीम बॅटिंग करत असताना. फिल्डिंगच्या वेळी बँड वाजत नाही, पथक खाली बसतं, पाणी पितं, आउट झाला की टाळ्या, बस. ही अदलाबदल सुरुवातीला विचित्र वाटते की इकडचा आवाज बंद झाला आणि समोरून सुरू झाला, पण दोन इनिंगमध्ये सवय होते.

ओरडायचं काय? ‘कात्तोबासे’ (म्हणजे लांब टोलव) असं लांबवून आणि मग बॅट्समनचं आडनाव. आडनाव पुढे उभी असलेली मुलं पाटीवर धरतात, वाचता आलं नाही तर शेजाऱ्याचं ऐका. विरोधी टीमला हिणवायचं नाही, अजिबात नाही, चूक झाली तरी नाही. मॅच संपल्यावर दोन्ही बाजूंची ओएनदान एकमेकांना उद्देशून घोषणा देतात, हरलेली बाजू जिंकलेल्यांना ‘आमच्या वाटचं पण खेळा’ या भावनेने निरोप देते आणि तेव्हा समोरच्या बाजूसाठी पण टाळ्या वाजवायच्या.

एक गोष्ट फार स्पष्ट सांगतो. चीअर पथकातल्या मुलींचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नका, झूम लेन्स त्यांच्याकडे वळवू नका. घरच्यांना दाखवायला पूर्ण स्टँडचा लांबून एक फोटो, एवढंच. चोरून फोटो काढणाऱ्यांचा त्रास या मुलींना इतका झालाय की शाळांनी आणि आयोजकांनी त्यावर सूचना लावल्यात, लक्ष ठेवायला माणसं उभी असतात, आणि त्या शाळेतल्या अल्पवयीन मुली आहेत हे एवढं कारण पुरेसं आहे.

पायरी ६ – आता कोशिएन

तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात, सगळ्या जागा नंबरच्या. ‘आउटफिल्डला (बॅट्समनपासून लांबच्या टोकाला) फुकट बसता येतं’ असं कुणी जुन्या माणसाने सांगितलं तर ते २०१८ च्या आधीचं आहे, शंभराव्या स्पर्धेपासून तिथे पण तिकीट लागतं. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या पुढे जे उंच स्टँड आहेत त्यांना अल्प्स म्हणतात, तिथे मुख्यतः शाळांचे ग्रुप बसतात. तुम्हाला पथक जवळून बघायचं असेल तर अल्प्सला लागून असलेली इनफिल्डची (बेसजवळच्या भागातली) जागा घ्या, त्यातल्या मागच्या भागावर छप्पर पण आहे. आउटफिल्डला सावली नाही, लहान मुलं बरोबर असतील तर तिकडे जाऊ नका.

उकाड्यामुळे २०२४ पासून सुरुवातीचे काही दिवस सामने सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन भागांत खेळवतात आणि मधल्या दुपारी विश्रांती असते, त्यामुळे तिकीट कोणत्या भागाचं आहे ते नीट बघा. पाचव्या इनिंगनंतर कूलिंग ब्रेक असतो, २०२३ पासून.

जायचं कसं: ओसाका-उमेदाहून हानशिन लाइन, पंधरा मिनिटांच्या आसपास, कोशिएन स्टेशन, उतरलं की समोर स्टेडियम. कोबे-सान्नोमियाहून पण हानशिनच. जेआरचं कोशिएनगुची नावाचं वेगळं स्टेशन आहे, नाव बघून तिथे उतरू नका, तिथून स्टेडियम दोन किलोमीटरवर आहे आणि ऑगस्टच्या दुपारी पोरांना घेऊन ते चालणं सोपं नाही. टोक्योहून येणार असाल तर शिनकानसेनने शिन-ओसाका, तिथून ओसाका आणि मग हानशिन.

बरोबर काय न्यायचं: टोपी, ओला करता येईल असा टॉवेल, मीठ-साखरेचं पाणी, आणि शाकाहारी असाल तर घरून डबा. तिथली करी प्रसिद्ध आहे पण शाकाहारी नाही, एदामामे आणि फ्राइजवर दिवस निघत नाही, पोळी-भाजीचा रोल किंवा दशम्या सगळ्यात बरं. कॅन आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. आत काचिवारी मिळतं, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे तुकडे आणि एक स्ट्रॉ, १९५७ पासून विकतात. आधी मानेवर ठेवायचं, वितळलं की प्यायचं.

आत गेल्यावर या गोष्टी चुकवू नका. मॅच सायरनने सुरू होते आणि सायरननेच संपते. जिंकलेल्या शाळेचं गाणं वाजतं, मुलं होम प्लेटपाशी ओळीत उभी राहून गातात आणि मग धावत आपल्या अल्प्ससमोर जाऊन वाकतात. शाळेचं गाणं वाजवायची ही पद्धत १९२९ च्या वसंत स्पर्धेपासूनची, आणि ती सुचवली होती हितोमी किनुए यांनी, १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरला रौप्यपदक मिळवणारी धावपटू, जपानची पहिली महिला ऑलिंपिक पदकविजेती. हरलेली मुलं बऱ्याचदा गुडघ्यावर बसून मैदानातली काळी माती छोट्या पिशवीत भरून घेतात. १९५८ ला ओकिनावाच्या शुरी हायस्कूलने भरलेली माती परत जाताना बंदरावर फेकून द्यावी लागली होती, कारण ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि परदेशातली माती आणायला बंदी, मग एका हवाई सुंदरीच्या पुढाकाराने कोशिएनचे खडे त्यांना पाठवले गेले. त्याच ओकिनावाची ओकिनावा शोगाकु शाळा २०२५ च्या उन्हाळ्यात निहोन विद्यापीठाच्या तिसऱ्या हायस्कूलला ३–१ ने हरवून अजिंक्य झाली.

आणि ओकिनावावरून आठवलं, लांबच्या किंवा छोट्या शाळांना पूर्ण बँड घेऊन येणं परवडत नाही, तेव्हा दुसऱ्या शाळेचा बँड त्यांच्यासाठी वाजवतो, याला मैत्रीचं चीअरिंग म्हणतात. ओकिनावाच्या शाळांसाठी कोशिएनजवळच्या अमागासाकीतल्या म्युनिसिपल हायस्कूलचा बँड वर्षानुवर्षं वाजवत आलाय. २०२४ ला जिंकलेली क्योतो इंटरनॅशनल तर अगदी छोटी शाळा, त्यांच्यासाठी क्योतोतल्याच दुसऱ्या शाळेच्या बँडने वाजवलं. याच्या उलट २०२३ ची फायनल, केओ हायस्कूल १०७ वर्षांनी जिंकलं, ८–२, आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी स्टेडियम इतकं भरून टाकलं की समोरच्या सेंदाई इकुएई शाळेच्या मुलांना एकमेकांचे आवाज ऐकू येणं अवघड झालं. त्यावर नंतर बरीच चर्चा झाली. मला तो आवाज थरारक वाटला, पण दुसऱ्या टीमच्या वाट्याला एवढा एकतर्फी गोंगाट येणं बरोबर नाही असंही वाटतं, आणि नवीन प्रेक्षक म्हणून कधी तुम्हाला बाजू निवडायची असेल तर कमी माणसांची निवडा हे मी वर म्हटलं ते याचसाठी.

१५ ऑगस्टचं तिकीट मिळालं तर दुपारी १२ वाजता खेळ थांबतो, सायरन वाजतो आणि महायुद्धातल्या मृतांसाठी सगळे उभे राहून एक मिनिट शांत राहतात. आपल्या स्वातंत्र्यदिनाच्याच दिवशी हे असतं, मुलांना आधी समजावून न्या.

पायरी ७ – तुमचं मूल जपानी हायस्कूलमध्ये असेल तर

बेसबॉल क्लबचा ताण मोठा असतो, पहाटेचा सराव, सुट्ट्या जवळपास नाहीत, आधी सहा-सात वर्षं खेळलेली मुलं. पण बँड, चीअरलीडिंग आणि ओएनदान तिन्हींत नवख्यांना घेतात, एप्रिलमध्ये क्लबचे ट्रायल दिवस असतात तेव्हा जाऊन बघायला सांगा. भाषा अजून कच्ची असलेल्या मुलांसाठी तर हे उत्तम, कारण स्टेप्स आणि घोषणा सगळ्यांनाच पहिल्यापासून शिकाव्या लागतात. क्लबला विचारून घ्यायच्या गोष्टी: युनिफॉर्मचा खर्च कोणाचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणं जमेल का (जुलैअखेरपर्यंत शक्यतो नाही, आणि शाळा कोशिएनला पोचली तर ऑगस्ट पण गेला), उन्हात त्रास झाला तर काय सोय आहे. विमानाची तिकिटं त्यामुळे तारीख बदलता येणारीच काढा. आणि मुलगी बेसबॉलच खेळायचं म्हणत असेल तर मुलींची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा आहे, २०२१ पासून तिची फायनल पण कोशिएनलाच होते.

घरी बसून बघायचं असेल तर एनएचकेवर कोशिएनचे सगळे सामने लागतात. प्रांताचे सामने नेटवर दिसतात, ‘व्हर्च्युअल कोको याक्यू’ असं जपानीत शोधा. पण टीव्हीवर बँड मागे कुठेतरी ऐकू येतो एवढंच, म्हणून जुलैचा एक शनिवार मोकळा ठेवा, ड्रॉ जूनच्या मध्यापासून पुढे लागतो.